अलेप्पीचे डास आणि केजची घागर

अलेप्पीहून आल्यापासून केजमध्ये जो भेटतो तो एकच विचारतो. भाजीवाली विचारते, दळण घ्यायला गेलं तर गिरणीवाला विचारतो, "मॅडम, बोटीत बसलात का मग?" नाही बसले म्हणलं की त्यांचं तोंड बघण्यासारखं होतं. "आँ? मग एवढ्या लांब गेलतात कशाला?" डास मारायला, असं मी खरंखरं सांगते, तर लोकांना वाटतं रिटायर झाल्यापासून बाईचं डोकं हललं. हललंय खरं, पण त्याची हकिकत वेगळी आहे आणि ती गिरणीत उभ्याउभ्या सांगण्यासारखी नाही.

माझी लेक एकुलती एक. जावई बँकेत. त्यांची बदली झाली ती थेट केरळात, अलेप्पीला. जुनं बंदराचं गाव, आणि गावभर कालवे. पूर्वी या कालव्यांतून मिरी, सुंठ, काथ्या नावा भरभरून समुद्राकडं जायचा म्हणे. आता काठाकाठानं पर्यटक फोटो काढत हिंडतात. लेक फोन फिरवून फिरवून कालवे दाखवायची, आणि मी इकडं दारात उभी राहून टँकरची वाट बघत ते बघायची. मला काही कौतुक वाटायचं नाही. राग यायचा. देवानं पाणी वाटताना जरा डोकं वापरायला नको होतं का?

तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय? मी जुन्या मऊ साड्या धुऊन घड्या घालून ठेवल्या, डिंक-खारीक आणून ठेवली, खिडकीजवळचा पलंग मोकळा केला. आणि सातव्या महिन्यात फोन आला. बाळाची वार गर्भाशयात खाली आहे. प्रवास नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, जास्तीत जास्त पडून राहायचं. म्हणजे लेक काही येत नाही, आईनंच जायचं.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. दोन वर्षांपूर्वी ती दिवाळीला माहेरी आली होती तेव्हा तिला डेंगू झाला होता. ते कळल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुसऱ्यांदा झाला तर पहिल्यापेक्षा अवघड जाऊ शकतो, त्यात पोटात बाळ, तेव्हा डास चावू देऊ नका. म्हणजे एकही नाही! कालव्यांच्या गावात राहून एकही डास चावू द्यायचा नाही. केजात राहून अंगावर धूळ घेऊ नका म्हणण्यातलाच प्रकार.

पण मीही काही कमी नाही. डास चावणार नाही म्हणजे नाही, असं मी फोनवरच सांगून टाकलं.

ही बातमी गल्लीत कळायचा अवकाश, सल्ल्यांची रांग लागली. एक म्हणाली, रोज लसूण खाऊ घाला, घामाला वास आला की डास जवळ येत नाही. एक म्हणाली, कापूर. एकीनं तर सांगितलं की तिच्या नणंदेला डास चावतच नाहीत, रक्त कडू आहे. मी म्हणलं, मग नणंदेलाच घेऊन जाऊ का? दिंद्रुडहून माझा धाकटा भाऊ आला तो पोतंभर वाळलेला कडुनिंबाचा पाला घेऊनच आला. त्याच्याकडं चार म्हशी आहेत, त्यामुळं डासांच्या बाबतीत तो स्वतःला मोठा जाणकार समजतो.

"अक्का, ती मलमं-बिलमं काई खरं न्हाई. मी रोज गोठ्यात धूर करतो. म्हशीला एक डास शिवत न्हाई."

"माझी लेक म्हैस आहे का रे?"

"तसं न्हाई गं. पण डास तर त्योच हाय ना?"

मी पोतं घेतलं. शिंप्याकडून दुहेरी कापडाची मच्छरदाणी शिवून घेतली, कडुनिंबाचं तेल घेतलं, डास मारायची रॅकेट घेतली. आमच्या ह्यांना मात्र घरीच ठेवलं. नळ आला तर भरायला कुणीतरी पाहिजे की.

सोलापूरहून रेल्वेनं एर्नाकुलम, तिथून पुढं अलेप्पी. जावयांनी उतरून घेतलं. रिक्षातून बघते तर जिकडं बघावं तिकडं पाणी. हिरवं, गप्प, वर जलपर्णी माजलेली. घर तर नेमकं कालव्याच्या समोर, मध्ये फक्त रस्ता. मी रिक्षातून उतरले आणि त्या कालव्याकडं असं बघितलं, जसं वर्गात मागच्या बाकावर बसून दंगा करणाऱ्याकडं बघायचे. म्हणलं, थांब, तुझ्याकडंच बघायला आलेय.

घरात शिरून पाय धुवायला नळ सोडला. पाय धुऊन झाले तरी नळ चालूच. म्हणजे धार बारीकसुद्धा होईना. मागं विहीर, विहिरीला मोटार, वर टाकी. पाण्याला खळ नाही. लेक पलंगावरून म्हणाली, "आई, बंद कर ना." आता केजच्या माणसाला वाहता नळ बंद कर म्हणणं सोपं, पण हात ऐकत नाही हो. आमच्याकडं नळ आठ-दहा दिवसांनी येतो. उन्हाळ्यात बारा-बारा दिवस होतात. "नळ आला!" अशी हाक उठली की माणूस जेवणाच्या ताटावरून उठतं. पिंप, हौद, घागरी, बादल्या, कुकर, डबे, ज्याला म्हणून बूड आहे ते सगळं भरायचं. ओतायचं काहीच नाही. भाजी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं झाडाला. ही माझी हयातभराची सवय. ती रेल्वेत ठेवून थोडीच येणार होते?

घरात बघितलं तर भरायला दोन बादल्या. दोनच! "हा काय संसार म्हणायचा का?" असं मी म्हणले, आणि दुसऱ्या दिवशी जावयांना एक पिंप, दोन घागरी आणि दोन मोठे टब आणायला लावले. जावई माझे गरीब. "बरं मामी" म्हणाले आणि आणलं. न्हाणीघर भरलं, बोळ भरला. उरलेल्याला जागा कुठं? लेकीचा पलंग जुना, लोखंडी, चांगला उंच. खाली ऐसपैस जागा. तिथं दोन्ही टब आणि एक घागर सरकवली, वर तिच्या जुन्या ओढण्या झाकल्या. कुणाच्या पायात नाही, डोळ्यात नाही. मला फार बरं वाटलं.

"आई, इथं नळ कायम असतो," लेक म्हणाली.

"आज आहे. उद्या?"

ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मी म्हणलं, झोप येत असेल.

मग माझी मोहीम सुरू झाली. सकाळी उठल्याबरोबर खिडक्या तपासायच्या. लेकीला पूर्ण बाह्यांचं, पायघोळ. हातापायांना तेल. ती मच्छरदाणीच्या आत, मी बाहेर रॅकेट घेऊन पहाऱ्याला. तिचं जेवणसुद्धा मच्छरदाणीची कड एक वीत उचलून आत सरकवायचं. तिथला उकाडा म्हणजे आपल्यासारखा कोरडा नाही, अंगाला चिकटणारा. दुहेरी कापडातून वारा जाईना. "आई, जीव घुसमटतोय गं," ती म्हणायची. मी म्हणायची, "दोन महिने घुसमटू दे. पुढं हयातभर वारा खा."

तिसऱ्या दिवशी भावाचं पोतं उघडलं. लोखंडी घमेल्यात नारळाच्या शेंड्या पेटवल्या, वर पाला टाकला, आणि काय सांगू, असा धूर झाला की भिंत दिसेना. पाच मिनिटांत घरमालकीण बादली घेऊन धावत आली. सत्तरीची, काटकुळी, पांढरं नेसणारी बाई. तिनं काही न विचारता ती बादली घमेल्यावर ओतली. मी भडकले. ती तिच्या भाषेत बोलली, मी माझ्या. तिला मराठीचा म येत नाही, मला तिचं एक अक्षर कळत नाही, पण भांडण अगदी व्यवस्थित झालं. जावई हापिसातून आल्यावर दोघींची समजूत घालत बसले. धूर बंद. म्हशीला जे मिळतं ते माझ्या लेकीला मिळू नये, याचा मला संताप आला.

दहा-बारा दिवस बरे गेले. मग डास वाढायला लागले. आणि तेही भरदिवसा! संध्याकाळी येणारे डास मला ठाऊक होते. कानाशी गुणगुणतात, कळतं तरी. हे मुके. काळे, पायांवर पांढरे पट्टे, टेबलाखालून येतात, घोट्याला चावतात आणि पसार. रॅकेट फिरवून फिरवून माझा खांदा गेला. एक मारावा तर दोन. मच्छरदाणीची शिवण तपासली, खिडक्यांच्या जाळ्या तपासल्या, एका जाळीला बारीक भोक होतं ते चिकटपट्टीनं बुजवलं. तरी येतातच. मी दिवसातून चार वेळा खिडकीशी जाऊन त्या कालव्याला शिव्या घालायची. त्याला काडी लावावी असं वाटायचं, पण पाण्याला काडी लावायची कशी?

घरमालकीण अधूनमधून दारात यायची आणि "कोदुगु, कोदुगु" करत आमच्या घराकडं बोट दाखवायची. कोदुगु म्हणजे डास, एवढं एव्हाना कळलं होतं. मी रस्त्यापलीकडं बोट दाखवायची. ती मान हलवून पुन्हा आमच्या घराकडं. मी पुन्हा कालव्याकडं. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी दार लावून घेतलं. आपल्या गावचा कालवा सांभाळता येईना आणि पाहुण्यांवर बोट!

मग एका सकाळी लेकीच्या पायाला तेल लावताना मला घोट्याच्या आतल्या बाजूला फोड दिसले. तीन. लालभडक.

एकही चावू देणार नाही म्हणून मी केजातून शब्द देऊन निघाले होते. आणि इथं ओळीनं तीन. "कधी चावले? मला हाक का नाही मारलीस?" मी ओरडले. ती म्हणाली, "कळलं नाही गं." मी तिथल्या तिथं कागद घेतला. अर्ज लिहिण्यात माझा हात कुणी धरायचा नाही, सगळी नोकरी अर्ज लिहिण्यात गेली. विषय, कालव्यातील डासांच्या बंदोबस्ताबाबत. दीड पान मराठीत लिहिलं, जावयांकडून इंग्रजीत करून घेतलं आणि त्यांच्याच हातानं आरोग्यखात्यात नेऊन द्यायला लावलं.

दोन दिवसांत माणूस आलं. आरोग्यखात्याची बाई, पंचविशी-तिशीतली, हातात बॅटरी, पांढरी पळी आणि वही. तिला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. मी तिचा हात धरूनच तिला खिडकीशी नेलं. "वो देखो! वो!"

तिनं कालव्याकडं एकदा बघितलं, न बघितल्यासारखं. मग टेबलाखाली वाकून एक काळा डास हाताच्या झटक्यात पकडला, तळहातावर मला दाखवला. "अम्मा, ये उधर का नहीं. उधर का रात में काटता है. ये दिन वाला है, घर का है. साफ पानी में होता है."

आता मला शिकवायला निघाली! मी तिला सांगितलं, मी शिक्षिका आहे. डासाच्या चार अवस्था मी दरवर्षी फळ्यावर रंगीत खडूंनी काढून दाखवलेल्या आहेत. अंडी, अळी, कोष, डास. आणि आमच्या घरातलं सगळं पाणी झाकलेलं असतं. ती "हां अम्मा, हां अम्मा" करत ऐकत होती. ऐकता ऐकताच गुडघ्यावर बसली आणि तिनं पलंगाखाली बॅटरी मारली.

ओढणी मध्ये खचून पाण्याला टेकली होती. तिनं टब बाहेर ओढला, ओढणी काढली, पळीनं पाणी उचलून माझ्यासमोर धरलं. आत वळवळ. फळ्यावर मी काढायची त्या अळ्या ठसठशीत असायच्या. या बारीक, दोऱ्याच्या तुकड्यासारख्या, पण बाकी तंतोतंत त्याच. स्वल्पविरामासारखे कोषसुद्धा होते. एक नवा डास ओढणीवर बसून पंख वाळवत होता. माझा धडा माझ्यासमोर पूर्ण मांडलेला, आणि तो माझ्या लेकीच्या पाठीखाली.

तिनं टब उचलायला हात घातला. आणि मी काय केलं असेल? मी टबाची दुसरी कड धरली.

"अगं माय, पाणी हाय ते!"

ती ओढतेय, मी ओढतेय. पाणी हिंदकळून दोघींच्या अंगावर. लेक वरून "आई, सोड, आई सोड" म्हणतेय. दारात घरमालकीण उभी. ती हसली नाही. हसली असती तर मला बरं वाटलं असतं. शेवटी त्या पोरीनंच टब नेला आणि अंगणात उपडा केला. मग दुसरा. मग घागर. मग पिंप. ते पाणी मातीतून कालव्याच्या दिशेनं ओघळत गेलं. खोटं कशाला सांगू? त्या घटकेला मला लेकीच्या पायाचे फोड आठवले नाहीत. बारा दिवस पुरलं असतं एवढं पाणी वाया गेलं, एवढंच आठवलं.

आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करायची, घासायची, उन्हात वाळवायची, असं सांगून ती गेली. मी मान डोलावली. आणि ती गेल्यावर पाऊण तासात एक घागर भरून स्टोअरमध्ये तांदळाच्या पोत्यामागं ठेवली. वर ताटली, ताटलीवर वरवंटा. एकच घागर. अडीनडीला. वरवंटा ठेवल्यावर डास कुठून जाणार, असं मी मलाच विचारलं आणि मीच उत्तर दिलं.

चौथ्या दिवशी सकाळी लेक उठली ती डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणून. अंग चटका बसेल असं तापलेलं. जावई हापिसला निघाले होते, तसेच माघारी फिरले. रिक्षा, दवाखाना, रक्त. दुपारी कागद आला. डेंगू.

त्या दवाखान्याच्या बाकावर बसून मला दोन वर्षांपूर्वीची दिवाळी आठवली. लेक माजघरात झोपायची. उशाशी भिंतीला लागून तीन पिंपं, नळ येऊन गेलेला, काठोकाठ भरलेली. ती आजारी पडल्यावर मी समोरच्या गटारासाठी शेजारणीशी दोन दिवस कडाकडा भांडले होते. अजून आम्ही एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला जात नाही. म्हणजे तोही ताप माझाच होता. हा पण माझाच. आईनंच दोनदा पाळले डास, दोनदा लेकीला चावायला घातले, आणि दोन्ही वेळा शिव्या दुसऱ्याला. मला माझाच इतका संताप आला की मी उठून त्या बोळातून येरझाऱ्या घालायला लागले. सिस्टरनं दोनदा बसायला सांगितलं.

पुढचे चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज सकाळी रक्त, रोज दुपारी पेशी कालच्यापेक्षा कमी. सकाळ-संध्याकाळ पोटाला यंत्र लावून बाळाचे ठोके बघायचे. ते ऐकू येईस्तोवर मी श्वास घ्यायची नाही. जावई एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांनी ओरडावं, काहीतरी आदळावं, "मामी, हे तुमच्यामुळं झालं" म्हणावं, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसायची. ते म्हणायचे, "मामी, चहा आणू का?" त्या चहानं माझा जीव नकोसा व्हायचा.

पाचव्या दिवशी पेशी वाढल्या. बाळ सुखरूप. पुढं दिवस भरून नात झाली, आता चार महिन्यांची आहे, हे इथंच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. कारण मला सांगायचंय ते पेशींचं नाही.

त्याच पाचव्या दिवशी, सकाळचे अकरा वाजले असतील. जावई औषधं आणायला खाली गेले होते. लेकीचा ताप पुरता गेला नव्हता, पण डोळ्यांत जान आली होती. मी मोसंबी सोलत होते. ती छताकडं बघत म्हणाली, "आई, घरी जाशील तेव्हा स्टोअरमधली घागर ओत."

"तुला कुणी सांगितलं?"

"न्हाणीत जाता-येता मी बघितली. आणि पलंगाखालच्या अळ्या पण बघितल्या होत्या. ती बाई यायच्या आधी चार दिवस. केसांचं रबर खाली पडलं म्हणून पलंगाच्या कडेवरूनच मोबाईलचा उजेड पाडला होता, तर ओढणी खचलेली. वाकायचं नाही म्हणून सांगितलंय, नाहीतर मीच हळूच ओतून टाकलं असतं."

मी ताडकन उठले. "मग तोंड शिवलं होतं का तुझं? चार दिवस? पोटात लेकरू घेऊन त्या पाण्यावर झोपलीस? मला न्हाई तर नवऱ्याला सांगायचं! कावून न्हाई सांगितलंस?" रागाच्या भरात मी असं आमच्या दिंद्रुडचं बोलते. पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली.

"ते तुला बोलले असते. मग तू निघून गेली असतीस. मला तू इथं पाहिजे होतीस. आणि तुला पाणी ओत म्हणायची माझी हिंमत नव्हती."

"हिंमत? त्याला कसली हिंमत लागते?"

तेव्हा तिनं सांगितलं. ती दुसरीत होती. नळ आला होता. तिनं हौसेनं छोटी घागर उचलली, ओसरीच्या पायरीवर पाय घसरला, घागर सांडली. मी तिच्या थोबाडीत मारली. ती पायरीवर पडली, हनुवटी फुटली. "तू आधी घागर सरळ केलीस," ती म्हणाली. "तळाला थोडं पाणी राहिलं होतं. ते पिंपात ओतलंस. मग घागर परत नळाखाली लावलीस. मग मला उचललंस."

तिच्या हनुवटीखाली एक पांढरी रेघ आहे. ती मी रोज बघते. लग्नाच्या वेळी जावयांच्या आईनं विचारलं होतं, तेव्हा मी सांगितलं होतं की लहानपणी खेळताना पडली. मी खोटं बोलले नव्हते. मला तसंच आठवत होतं. आत्ता बसून कितीही आठवलं तरी मला ती थोबाडीत आठवत नाही. घागर आठवते. तिला उजवीकडं पोचा होता.

"मग आता कसं सांगितलंस?" माझा आवाज बारीक झाला होता.

"आता ताप आहे ना," ती म्हणाली. "ताप असला की तू मारत नाहीस."

ती चेष्टा करत नव्हती. रागावूनही बोलत नव्हती. नळ अमुक वाराला येतो असं सांगावं, तसं तिनं ते सांगितलं. अठ्ठावीस वर्षांची माझी लेक. कॉलेजात साठ-साठ पोरांना शिकवलेली. माझी चूक झाली, एवढं साधं वाक्य; ते मी जन्मात कुणाला म्हणलेलं नाही, तेव्हाही तोंडातून निघालं नाही. मी मोसंबीची फोड तिच्या ओठाशी धरली. तिनं खाल्ली.

जावई आल्यावर मी रिक्षा करून घरी गेले. भर दुपार होती. पोत्यामागची घागर काढली, वरवंटा काढला, ताटली काढली. आत बघितलं. पाणी स्वच्छ होतं, एकही अळी नव्हती, तळ दिसत होता. ओतायची काही गरज नव्हती असंही म्हणता आलं असतं. मी अंगणात नेऊन नारळाच्या बुंध्याशी ती ओतली, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि ओतताना मोठ्यानं रडले. घरमालकीण तिच्या ओट्यावरून बघत होती. मी डोळे पुसले नाहीत.

परत दवाखान्यात गेले तेव्हा लेक झोपली होती. मी तिच्या कपाळावर हात ठेवला. हात लागला तशी ती झोपेतच दचकली, मान थोडी बाजूला घेतली. ताप उतरला होता. ती पुन्हा शांत होईपर्यंत मी हात तसाच ठेवला.